बाईनं ओलांडलेला पाय

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात एका पायात चप्पल घालून उभा होतो. दुसरी चप्पल समोर पडली होती आणि उजवा पाय तिच्यात जायला तयार नव्हता. म्हणजे जात होता, पण अंगठा दोनदा पट्ट्याच्या बाहेरच राहिला. पलीकडून भाचा राजू म्हणाला, "मामा, माय गेली." आणि मी म्हणालो, "थांब, चप्पल घालतो." आई वारल्यावर ज्या थोरल्या बहिणीनं मला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्या मरणावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. राजूला वाटलं, मामा निघालेच. त्यानं फोन ठेवला. मी मात्र खरोखरच चप्पल घालत होतो... आणि घाबरलो होतो. दुःख नंतर आलं, तुमसरहून बस सुटल्यावर, खिडकीतून भाताच्या हिरव्या बांध्या दिसायला लागल्या तेव्हा. आधी आली ती भीती. बाईला जो आजार होता त्यात माणसाची अक्कल शाबूत असते, अंगात ताकद असते, आणि तरी तो पायाला 'चल' म्हणतो तेव्हा पाय जागचा हलत नाही. या उन्हाळ्यापासून माझा उजवा पाय चप्पल घासायला लागलाय. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पुरवणीच्या वाचकांना आधी सांगतो आहे आणि बायकोला नंतर, हा माझा नेहमीचा क्रम आहे.

त्या घाईत मी आणखी एक पराक्रम केला. बहिणीच्या अंगावर माहेरची साडी भावानं घालायची असते. मी हात हलवत पोचलो. अंगणात बाया बसलेल्या, सगळ्यांचे डोळे माझ्या रिकाम्या हातांकडे. तेवढ्यात बाईची सून सुनंदा आतून नवी कोरी हिरवी साडी घेऊन आली आणि मोठ्यानं म्हणाली, "मामाजीनं आणलेली अंदर ठेवली होती मी." ती तिची स्वतःची होती, घडीसुद्धा न मोडलेली. मी खाली मान घालून ती बाईच्या अंगावर पांघरली. सुनंदाचं हे असं आहे. माणूस उघडा पडायच्या आत ती काहीतरी घेऊन येते.

बाईचं नाव भागरता. पण मी तिला बाईच म्हणायचो आणि ती मला बापू. मी मास्तर झाल्यावर चिडवायचं असेल तेव्हा मास्तर. तिच्या गावात रोवणीच्या दिवसांत पंधरा-वीस बायांचा जत्था असायचा आणि त्याच्या म्होरक्याची जागा बाईची. ज्यांनी धानाची रोवणी पाहिली नाही त्यांना सांगतो, चिखलात कमरेत वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी धरून, उजव्या हातानं चार-चार काड्या रोवत माणूस मागं मागं जातो. डोळ्यांपुढं हिरवं होत जातं, पाठीमागं नुसता चिखल असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. बाईचा हात तर बघतच राहावा असा. तोंडानं ती पलीकडच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाईशी भांडत असायची, कुणाच्या तरी नवऱ्याची नक्कल करत असायची, आणि हात आपला पटापट पटापट. रांग अशी सरळ की वाटावं दोरी धरली होती. मी लहानपणी तिला विचारलं होतं, "बाई, तू बोलत राहते तं हाताले समजते कसं?" ती म्हणाली, "हाताले सांगा लागते काय? तो त्याचा करते."

एकदा मी हट्टानं बांधीत उतरलो. शाळेत पहिला नंबर यायचा माझा, मला वाटलं चार काड्या खुपसायला काय लागतं. मी रोवत रोवत पुढं गेलो. मागं नाही, पुढं. बांधीच्या टोकाला पोचून मोठ्या ऐटीत वळून पाहिलं तर मी रोवलेलं सगळं मीच तुडवलेलं. बाया धुऱ्यावर बसून हसल्या. बाई म्हणाली, "जाऊ द्या वो, ह्याले मास्तर करू. लेकरायले पुढं जाय म्हणनं, एवढंच काम राह्यते." आणि झालंही तसंच. मी विज्ञानाचा मास्तर झालो. अठ्ठावीस वर्षं दहावीच्या पोरांना फळ्यावर मेंदूची आकृती काढून दिली. माझी आकृती फुलकोबीसारखी यायची, ते सोडा. 'ज्या हालचाली आपल्या इच्छेनुसार होतात त्यांना ऐच्छिक हालचाली म्हणतात, उदाहरणार्थ चालणे, लिहिणे, बोलणे.' हे वाक्य वर्ग एका सुरात म्हणायचा आणि मी खिडकीतून बाहेर बघत पुढचा तास मोजायचो. 'इच्छेनुसार' या शब्दापाशी थांबावं असं एकदाही वाटलं नाही. इच्छा झाली की पाय उचलतो, यात थांबण्यासारखं आहे काय? इच्छा आणि पाय यांच्यामध्ये किती मोठी जागा असते हे मला बाईनं शिकवलं. आणि ती जागा दिसल्यापासून मला धड झोप नाही.

सुरुवात कुठून झाली ते आज मागं वळून कळतं. एका सालच्या रोवणीत बाईची रांग वाकडी झाली. जत्थ्यातल्या बायांना वाटलं, वय झालं. मग तिचा हात मागं पडायला लागला, ती बोलायची थांबली की हात चालायचा आणि बोलायला लागली की हात थांबायचा. तेव्हाच तिचा चेहराही बदलला. पण माझ्या लेखी त्याचा अर्थ वेगळाच होता. मी सुटीत गेलो की नेहमीप्रमाणे शाळेतले किस्से सांगायचो, हेडमास्तरांच्या धोतराचा, माझ्या स्वतःच्या फजितीचे तर ढीगभर. बाई आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. आता नुसती बघायची. गालावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही. मला राग आला. वाटलं, हिच्या मनात काहीतरी आहे माझ्याबद्दल. घरी येऊन बायकोला म्हणालो, "बाई आता मोठी माणूस झाली, आपल्या गोष्टीला हसत नाही." आणि पाच-सहा महिने गेलोच नाही. चेहऱ्याचे स्नायूसुद्धा हुकमाची वाट बघतात, हुकूम वाटेत अडकला की आतून हसणारं माणूसही दगडासारखं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. बाई हसत होती. ते हसू माझ्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि मी रुसून तुमसरला बसलो होतो.

पुढं गेलो तेव्हा घरात वेगळीच कुरबुर. बाई दारात अडकायला लागली होती. अंगणात नीट चालायची, आणि माजघराच्या उंबऱ्यापाशी आली की पाय जमिनीला खिळायचे. टाचा तेवढ्या थरथरायच्या, निघू निघू केल्यासारख्या. जिना मात्र ती चढायची. पायऱ्या चढते आणि सपाट जागी अडकते, हे कसं? राजू हळूच म्हणाला, "मामा, माय सोंग तं नाही करत? सुनंदाच्या हातचं घ्याचं नाही म्हनून?" हात थरथरत नव्हते, म्हणून कंपवात आमच्या कुणाच्या डोक्यात आला नाही. आणि मी पडलो विज्ञानाचा मास्तर. मी म्हणालो, थांब, प्रयोग करून बघू. बाई पडवीच्या कडेला खिळून उभी होती. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि एकदम ओरडलो, "साप! बाई, साप!" आणि बाई धावली. खरंच धावली, चार ढांगा टाकून. मग अंगणाच्या मधोमध पुन्हा खिळली. मी टाळी वाजवली. "बघ राजू! चालता येतं!" पौष महिना होता. त्या थंडीत साप कुठून निघेल हे विज्ञानाच्या मास्तरला सुचलं नाही. मला फक्त माझा प्रयोग यशस्वी झालेला दिसत होता. बाई अंगणात उभी, चेहरा दगडी, छाती भात्यासारखी हलत होती, आणि मी विजयी मुद्रेनं चहा मागवला.

माझा निकाल घरात कायदा झाला. मामानं सिद्ध केलं म्हटल्यावर राजूनं हात द्यायचं बंद केलं. "माय, तुले येते चालता. चाल." बाई दारात उभी राहायची, घर तिच्या बाजूनं ये-जा करायचं. होळीपर्यंत हे चाललं. होळीच्या आदल्या दिवशी भर दुपारी सुनंदा एकटी तुमसरला माझ्या घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही. पदर दातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मामाजी, तुमी मोठे आहात, तुमाले बोलाचा मले हक नाही. पन मी वावरातून आली तं आत्याबाई न्हानीच्या दारात उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या होत्या. लुगडं खराब झालेलं. सोंग करनारं मानूस आपल्या लुगड्यात करते काय?" ती पुढं म्हणाली, "मी इचारलं तं म्हनाल्या, मास्तरनं सांगितलं ना मले चालता येते. मंग मी चालून काहून नाही राहिली?"

मी आजवर लोकांना माझ्या चुका हसत सांगत आलो. ही चूक मी आज पहिल्यांदा सांगतोय आणि हसू कुठं घालावं ते कळत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी बाईला खुर्चीतून उठायला लावलं, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली, दालनात चालवलं, वळवलं. मग मला म्हणाले, पार्किन्सन आहे, म्हणजे कंपवात, बराच पुढं गेलेला. मी प्रामाणिकपणे सापाची हकिकत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुमच्याकडे तलाव आहेत ना? समजा तलाव भरलेला आहे, खाली शेत तयार आहे, पण तुडुम उघडत नाही. शेताला पाणी कसं मिळणार?" तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायला जे दार असतं त्याला आम्ही तुडुम म्हणतो. मेंदूच्या खोल आत असंच एक दार आहे, त्याला डोपामिन नावाचं रसायन लागतं. रोजची, सवयीची, न बघता होणारी चाल त्या दारातून निघते. डोपामिन आटलं की दार अडतं. पण समोर पायरी दिसली, आखलेली रेघ दिसली, नाहीतर जिवाची भीती वाटली, की मेंदू कधी कधी दुसऱ्याच वाटेनं पाणी काढतो. "म्हणून त्या धावल्या," डॉक्टर म्हणाले. "तो आजाराचाच पुरावा होता. तुम्ही उलटा वाचला." मग त्यांनी विचारलं, "काय शिकवायचात तुम्ही?" मी म्हणालो, "गणित." आयुष्यात पहिल्यांदा मी विषय बदलला.

परतीच्या बसमध्ये मी बाईला म्हणालो, "माझं चुकलं, बाई. साप नव्हता." ती खिडकीबाहेर बघत होती. आवाज तोवर बारीक झालेला, गाडीच्या खडखडाटात कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा. म्हणाली, "मले कुठं मालूम होतं. तू वरडला तं मले वाटलं, तुह्याच पायापाशी आहे." तेव्हा मला आठवलं. चार ढांगा ती पळाली होती ती माझ्यापासून लांब नाही, माझ्याकडे. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पडाचं भेव नाही वाटत रे बापू. पायाले सांगते, अना पाय आयकत नाही, तवा लय भेव लागते. वाटते, आता मी सांगू कोनाले?"

गोळ्यांनी फरक पडला. दोन-अडीच तास बरे जायचे, मग असर उतरला की पुन्हा उंबरा. डॉक्टरांनी सुनंदाला एक युक्ती सांगितली होती. अडकल्या की त्यांच्या पावलापुढं आपलं पाऊल आडवं ठेवा, ते ओलांडायचं म्हटलं की पाय उचलेल. युक्ती नामी होती. अडचण एवढीच की आमच्याकडे माणसाच्या अंगावरून कुणी ओलांडत नाही. लेकराला ओलांडलं तर ते खुंटतं म्हणतात, मोठ्याला ओलांडलं तर आपली पीडा त्याच्यावर जाते म्हणतात. बाईनं पहिल्याच दिवशी सुनंदाला दटावलं, "पाय काढ तो. माहा रोग लावून घेतं काय?" सुनंदानं काठी आडवी ठेवून पाहिली, कधी जमायचं, कधी नाही. मी एकदा पाऊल पुढं केलं तर म्हणाली, "तुले ओलांडू? मरून जाईन, पन नाही ओलांडनार." आणि मेलीच असती एकदा.

गेल्याच्या गेल्या दिवाळीची भाऊबीज. बाई बसनं तुमसरला आली, मी स्टँडवर न्यायला गेलो. डॉक्टरांनी चालणं चांगलं म्हटलंय, म्हणून मी ऑटो केला नाही. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान बाजारात यायला लागलेलं, राइस मिलच्या रस्त्याला ट्रकांची रांग. आम्ही एका मिलच्या फाटकापुढून जात होतो आणि एक भरलेला ट्रक फाटकात घुसायला मागं येऊ लागला. मागं येताना वाजते ती पिपाणी सुरू झाली, आणि त्या आवाजानं बाई जागीच थिजली. ट्रकच्या बरोबर मागं. मी हात धरून ओढलं. अंग आलं, पाय नाही आले, ती धुऱ्यावरच्या रोपासारखी वरून वाकली आणि खालून गच्च. मी ट्रकच्या पाठीवर हात आपटला, ओरडलो. क्लीनर दुसऱ्या बाजूला, फाटकाच्या खांबाकडे बघत "आने दो, आने दो" करत होता. त्या क्षणी माझ्या मेंदूनं काय सुचवावं? मी ओरडलो, "साप! बाई, साप!" तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही होत बापू. तू जाय बाजूले." चाकं येत होती. पोत्यांचा तो तुसाचा वास मला अजून येतो. मी माझा उजवा पाय तिच्या पावलांपुढं आडवा टाकला. "ओलांड!" तिनं मान हलवली. "बाई, मी पाय काढनार नाही. इथंच उभा राहतो. ओलांड नाहीतर दोघंही जाऊ." मी हे बोललो, पण खरं सांगतो, माझे स्वतःचे गुडघे तेव्हा पळायच्या बेतात होते. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग उजवं पाऊल उचललं, मोठं, उंच, बांधीचा धुरा चढताना उचलायची तसं, आणि पलीकडे टाकलं. दुसरं पाऊल. तिसरं. ट्रक आमच्या मागून फाटकात शिरला. ड्रायव्हरला काही कळलंही नाही.

रस्त्याच्या कडेला पोचल्यावर ती माझ्या पायाला हात लावायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी तिला धरून एका पोत्यावर बसवलं. तिचं पहिलं वाक्य, "पाय ठेव. उलटं ओलांडून घेते." उलट दिशेनं परत ओलांडलं की आधीचं फिटतं, हा त्यावरचा उतारा. मी हसलो. आपण वाचलो या आनंदात मला सगळंच हसण्यासारखं वाटत होतं. "इथं भर रस्त्यात? घरी चल." घरी पाहुणे होते. मी हा प्रसंग सगळ्यांना रंगवून सांगितला, पिपाणीसकट. बाई ओवाळताना पुन्हा म्हणाली, "पाय ठेव ना रे." मी म्हणालो, "बाई, मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देत होतो." पुढं प्रत्येक भेटीत तेच. "आज पाय ठेवतं?" "पुढच्या खेपेला." कधी बस निघालेली असायची, कधी मला तत्त्व आठवायचं. तिला तीन पावलं टाकू द्यायला माझं काय जात होतं? पण मास्तर माणूस एकदा नाही म्हणाला की त्याला ते नाही सांभाळावं लागतं. मग ती खाटेलाच लागली, आणि ओलांडायचा प्रश्नच उरला नाही.

शेवटी भेटलो ते श्रावणात, ती जायच्या बारा-पंधरा दिवस आधी. गिळताना ठसका लागायचा, सुनंदा चमच्यानं पेज भरवत होती. मी बाईशी इकडचं तिकडचं बोललो, निघायला उठलो, दारापर्यंत गेलो. मागून आवाज आला, इतका बारीक की सुनंदानं मला पुन्हा सांगितला. "चप्पल घासून राहिली तुही." मी म्हणालो, "जुनी झाली, बाई." चेहरा तिचा तसाच, हलला नाही. डोळ्यांतून मात्र पाणी गालावर आलं, आणि ते पुसायला तिचा हात आला नाही. मी घाईघाईनं बाहेर पडलो. तिला समजावायचं सोडून पळालो, असं म्हणा.

मला ठाऊक आहे की हा आजार ओलांडून जात नाही. असलाच तर तो माझ्या वयाचा असेल, आणि नसेल तर कमरेची एखादी शीर दबली असेल. हे मी स्वतःला रोज समजावतो, वर्गाला समजावत होतो तसं. आणि रोज सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर ऊन पाठीवर घेऊन चालतो, आपलीच सावली बघत. डावा हात पुढं-मागं हलतो. उजवा? वाटलं तर हलतो, पण मी बघतोय म्हणून हलतो की आपोआप, ते कसं ओळखायचं? बघायचं थांबवलं तर कळत नाही, आणि बघितलं की तो हलतो. आंघोळीला जाऊन कडी लावतो आणि अंगठा-तर्जनी जुळवत बसतो. बायको बाहेरून म्हणते, "आत किती वेळ?" मी म्हणतो, "पाणी थंड आहे." नागपूरला जायचं धाडस होत नाही. डॉक्टर काय म्हणतील याची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही की मी उंबऱ्यात अडकेन आणि कुणीतरी हुशार माणूस अंगणाच्या टोकाला जाऊन प्रयोग करून बघेल.

आज बाईच्या घरी गेलो होतो. राजू बांधीवर गेलेला. बाईच्या खोलीत खाट उभी करून ठेवलीय, भिंतीला ती टेकायची तिथं तेलाचा डाग आहे, तेवढाच. मी उंबऱ्याच्या आत, जमिनीवर बसलो. कुणी नव्हतं. मी उजवा पाय दाराच्या आडवा लांब केला... जसा तिला हवा होता तसा. किती मूर्ख दिसत असेन याची मला कल्पना होती. पण बसलो. म्हणालो, "घे बाई."

सुनंदा चहा घेऊन आली आणि दारात थांबली. "मामाजी, पाय घ्या ना." मी पाय घेतला. म्हणजे घ्यायचं ठरवलं. पाय तिथंच होता. टाच तेवढी जमिनीवर दोनदा हलली, निघू निघू केल्यासारखी, मग पाय आला. मी लगेच हसलो, म्हणालो, "मुंग्या आल्या, बसून बसून." सुनंदा हसली नाही. चार-पाच वर्षं रोज तिनं हेच पाहिलं होतं. तिनं कपबशी उंबऱ्यावर ठेवली, खाली बसली, माझ्या पायाकडे पाहत राहिली. मला वाटलं आता विचारेल, कधीपासून, खरं का, चालून दाखवा. तिनं कपबशी माझ्याकडे सरकवली. "मामीजीले मी सांगते," म्हणाली. "उद्या सकाळच्या बसनं नागपूरले जाऊ. मी येते संगं."